वांजिरूच्या आईने भरलेला डबा

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर करमणूक म्हणूनच ऐकल्या. विश्वास ठेवला नाही. आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकावरही ठेवत नसे. तरी हे लिहितो आहे...

येरवड्याला आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. वाय-टू-केची धामधूम नुकती संपली होती आणि रिसेप्शनच्या काचेवर सोनेरी अक्षरांत 'ग्लोबल' आलं होतं. त्याचा पुरावा म्हणजे वांजिरू — केनियाहून सहा महिन्यांच्या प्लेसमेंटवर, म्हणजे अभ्यासक्रमातल्या कामाच्या अनुभवासाठी, आलेली विद्यार्थिनी. हार, भाषण, फोटो सगळं झालं. बसायला खुर्ची मात्र आठवड्याने मिळाली. तिच्या नोंदवहीत दर शुक्रवारी आठवडा भरल्याची सही करायची, हे माझं काम.

राहायला ती खडकीला, आमच्याच घरावरच्या खोलीत. माझी बायको सुधा तिला रोज रात्रीच्या जेवणाचा स्टीलचा डबा द्यायची. आमचा निखिल तेव्हा असाच प्लेसमेंटवर जर्मनीत होता. "तिथं त्यालाही कुणी वाढत असेल," असं सुधाचं गणित.

पहिल्याच दिवशी वांजिरूने डबा स्वच्छ घासून परत दिला. सुधा मला म्हणाली, "सांगा तिला, आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. चिमूटभर साखर तरी घालावी." तेव्हापासून डब्यात रोज साखर यायची. वांजिरूने हे आईला फोनवर सांगितलं. आई हसून म्हणाली होती, "त्या बाईंना सांग, एक दिवस तो डबा मी भरून देईन."

दोन आठवडे उरले असताना ती माझ्या टेबलापाशी आली. "सर, आई आजारी आहे. मी जाऊ?"

"नियम कडक आहेत गं. आत्ता गेलीस तर सहा महिने फुकट. दोनच आठवडे... पूर्ण कर."

ती थांबली. मी सांगितलं म्हणून थांबली.

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात होतो. आदल्या रात्रीचा डबा तिच्या खोलीत, खोलीला कुलूप, किल्ली तिच्या पर्समध्ये. संध्याकाळी माझ्या स्कूटरवरून घरी आलो, तर सुधा दारातच उभी. "वांजिरू, डबा कधी आणून ठेवलास गं? आणि इतका गरम?"

डबा ओट्यावर होता. झाकण काढलं तर आत शिजवलेला पांढरा मका आणि लाल घेवडा. वर चुलीच्या धुराचा वास... आमच्या घरात गॅस येऊन वीस वर्षं झाली होती.

वांजिरूने एक घास घेतला. "मीठ कमी आहे," ती म्हणाली. "आई नेहमीच कमी घालते." आणि खाली बसली.

तासाभराने तिच्या भावाचा फोन आला. आई दुपारी गेली होती.

मी वर जाऊन पाहिलं. कुलूप जसंच्या तसं. शेजारी विचारलं, सुधाला तर दोनदा विचारलं. ती म्हणाली, "अहो, मला तो पदार्थ माहीत तरी आहे का?"

त्या रात्री मी नोंदवहीत न झालेल्या आठवड्यांच्याही सह्या केल्या. आयुष्यातल्या माझ्या तेवढ्याच खोट्या सह्या. तिने विचारलं तेव्हाच केल्या असत्या तर ती आईला भेटली असती.

सकाळी निघताना सुधाने तोच डबा बेसनाच्या लाडवांनी भरून तिच्या हातात दिला. म्हणाली, "आईपाशी ठेव. त्यांचा डबा रिकामा कसा पाठवू?"

मका कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. थांब का म्हणालो, तेही.