दौलताबादच्या घाटातली साखर

अकराव्या वर्षी मला टाइप वन मधुमेह झाला आणि तेव्हापासून देवाशी माझं नीट जमलं नाही. आई माझ्यासाठी सोमवार धरायची. मला मात्र इन्शुलिनमुळे साधा उपासही झेपायचा नाही. भक्तीतही आपण बाहेरच्याच, असं वाटायचं. पस्तिशीत सायकल घेतली आणि मुकुंदवाडीहून दर रविवारी सकाळी निघणाऱ्या सायकलवाल्यांच्या गटात जाऊ लागले. आजाराचं कुणाला बोलले नाही. कळलं तर सोबत नेणार नाहीत, ही भीती.

एका रविवारी वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला जायचं ठरलं. सगळ्यांसमोर बोट टोचून शुगर तपासायची लाज वाटली, म्हणून तपासलीच नाही. दौलताबाद सुटून घाट लागला तसे पाय जड झाले. बाकीचे पुढं निघून गेले. अंगाला दरदरून घाम सुटला, रस्ता डोळ्यांपुढं हलू लागला. शुगर उतरतेय हे कळत होतं, पण खिशात ग्लुकोजची पुडी नव्हती. वाटेत कुठंतरी पडली असावी. मी सायकल सोडून कठड्याशी बसले. मोबाइलवरची नावंही वाचता येईनात. "देवा, आता तूच बघ," एवढंच मनात आलं. इतक्या वर्षांत त्याच्याकडं काही मागितलं ते तेव्हाच.

डोळे उघडले तर समोर सीताफळांची पाटी घेतलेली एक म्हातारी मुसलमान बाई.

"बेटा, हात लई कापायलेत तुझे. शुगर हाय का तुला?"

मी मान हलवली. तिनं पिशवीतून छोटी डबी काढली, त्यातली साखर माझ्या पाण्याच्या बाटलीत ओतली, हलवली आणि बाटली माझ्या तोंडाला लावली. "पी. घाई करू नको. आमच्या घरवाल्यांना बी असंच व्हायचं."

तिचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. डबी सोबत घ्यायची सवय मात्र सुटली नाही, असं ती म्हणाली.

मला शोधत गटातले लोक परत आले. गटातले एक निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, ते सगळ्यात पुढं होते. मी रडतरडत सगळं सांगून टाकलं. आता घरी पाठवतील, असं धरूनच चालले होते.

"अगं, आधी सांगायचं ना!" सर माझ्याशेजारी कठड्यावर बसले. "शुगर तपास. ठीक आली तर जाऊ. नाही आली तर दर्शन पुढल्या रविवारी. सगळ्यांचंच."

अर्ध्या तासानं शुगर ठीक आली. बाईच्या पाया पडायला वाकले तर तिनं मला वरच्यावर धरलं, "खुश रहो" म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन उतरणीला लागली. आम्ही हळूहळू वेरूळला पोचलो. गाभाऱ्यात त्या दिवशी मला काहीच मागावंसं वाटलं नाही.

ती बाई नेमकी तिथं, त्याच वेळी कशी आली, याचा उलगडा करायला मी जात नाही. देवावर भार टाकणं म्हणजे हातपाय गाळून बसणं, असं मी समजत होते. मला जमलं ते एवढंच, की जे लपवत होते ते उघड केलं आणि दुसऱ्यांना मला सांभाळू दिलं. आजार आहे तिथंच आहे. पण चढावर आता माझ्या मागं गटातल्या कुणाच्या तरी चाकांचा आवाज येत असतो, आणि तो ऐकला की माझं मन आपसूक हात जोडतं.