नळी, गाठ आणि सिस्टरबाई

भंडाऱ्याच्या आमच्या केमो वॉर्डात औषध थेंबाथेंबानं जातं, पेशंट चार-पाच तास बसून असतात. किस्से साठणारच. बारा वर्षं सिस्टर आहे मी. बहुतेकांत फजिती माझीच.

बऱ्याच जणांच्या दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत बारीक नळी बसवलेली असते. केमो तिच्यातून जातं. भीती एकच, नळीपाशी रक्ताची गाठ धरायची.

चिखल्याच्या मँगनीज खाणीतून रिटायर झालेल्या एका काकांची नळी साफ करत होते. सिरिंज दाबली, पाणी जाईना. मी घाबरून डॉक्टरांना फोन लावला, "सर, गाठ झाली वाटतं."

काका शांतपणे म्हणाले, "सिस्टर, खाणीत पाइप जाम झाला का आम्ही पहिले कॉक पाहतो."

नळीची क्लिप बंद होती. मीच लावलेली.

मग मी समजावून सांगण्यावर भर दिला. धानाची शेती करणाऱ्या एका दादांना म्हटलं, "शीर म्हणजे तळ्याचा पाट समजा. गाळ साचला की पाणी अडतं. हात सुजला तर लगेच या."

दादांनी मन लावून ऐकलं. म्हणाले, "गाळ काढाले आमचा सारा गाव फावडे घेऊन उतरते. इथं तुम्ही एकट्याच का?"

बपेरा गावच्या एका ताईंना खरंच गाठ झाली. रक्त पातळ करायचं इंजेक्शन रोज पोटावर द्यायचं होतं, म्हणून त्यांच्या नवऱ्याला शिकवायला बसले. ड्रेसवरूनच माझ्या पोटाचा चिमटा धरून दाखवला, "चरबी अशी धरायची."

त्यांनी नीट पाहिलं. "पण सिस्टर, हिच्याजवळ एवढी नाही ना."

ताई कित्येक दिवसांनी हसल्या. मग मीही हसले, काय करणार?

आणि मंदाबाई. स्तनाचा कॅन्सर, दंडात नळी, तिसरी केमो. दारातूनच मला बांगड्या रुतलेल्या दिसल्या. म्हटलं, "वा मंदाबाई, तब्येत सुधरून राहिली!"

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "सिस्टर, एकाच हाताची सुधरते का?"

मी धावत जाऊन डॉक्टरांना बोलावून आणलं. दुपारी सोनोग्राफीत काखेजवळच्या शिरेत रक्ताची गाठ निघाली. लगेच इंजेक्शनं सुरू झाली. मी जाऊन म्हटलं, "मला ओळखायला पाहिजे होतं, मंदाबाई. चुकलं माझं." त्यांनी बाजूला सरकून मला बसायला जागा केली.

काही आठवड्यांनी सूज उतरली. पुढच्या केमोला आल्या, पुन्हा दोन्ही हात पुढे केले.

"पाहा जी, आता दोन्हीची बिघडली. सारखीच."