हिंगाची डबी

जयपूरला बदली झाल्यापासून माझ्या छातीत धडधडायचं, म्हणून बायकोने तपासणीला धाडलं. सीटी स्कॅनच्या दाराशी "धातूचं सगळं काढा" म्हटल्यावर मी घाबरून घड्याळ, पट्टा, जानव्यातली किल्लीसुद्धा काढली. शेजारच्या निवृत्त फौजीने शांतपणे हातातलं कडं काढलं आणि छातीवर बोट टेकवलं.

"भाईसाहब, ये वाला नहीं उतरता."

सीमेवरच्या स्फोटातला लोखंडाचा तुकडा वीस वर्षं त्याच्या हृदयात रुतून होता. काढणं धोक्याचं म्हणून तेव्हा तसाच ठेवला होता. आता तो सरकला होता आणि उद्या ऑपरेशन होतं.

"डर लगता है?" मी विचारलं. खरं तर मला सोबत हवी होती.

त्याने खिशातून हिंगाची रिकामी डबी काढली. "घरवाली ने दी है. कहती है, इतने साल हमारे बीच सोया, शक्ल तो देखूँ." हसत हसत तो झाकण लावत होता, पण ते काही नीट बसेना.

दुसऱ्या दिवशी माझा रिपोर्ट चांगला आला. तरी पाय वरच्या मजल्याकडे वळले. ऑपरेशन थिएटरबाहेर एक बाई बसल्या होत्या, मांडीवर तीच डबी. तो कसा आहे हे विचारायचा धीर होईना, म्हणून मी नुसतं डबीकडे बोट दाखवलं. त्यांनी ती हलवली. खुळखुळली.

"ये तो निकल आया, भाईसाहब. अब वो आँख खोल दें."

घरी फोन करायचा विसरून मी त्यांच्या शेजारी बसलो.