भट्टीवर गेलेला येशू

आमच्या सिस्टरांचा नाताळ ज्येष्ठात यायचा. डिसेंबरात प्रार्थना व्हायची, गाणी व्हायची, पण गोठ्याच्या देखाव्यात गवताची गादी रिकामी. बिचारे मरिया आणि योसेफ तिच्याकडे बघत सहा महिने ताटकळायचे. बाळ येशू कुठे, असं विचारलं की सिस्टर करंजी मोडत म्हणायच्या, "भट्टीवर गेलाय."

शेणवे गावाच्या पुढे, गावाबाहेरच्या आदिवासी वाडीला लागून, सिस्टर दोन खोल्यांत राहायच्या. वाडी त्यांना बाय म्हणायची. दिवाळी झाली की वाडीतली माणसं विटा पाडायला भट्ट्यांवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परतायची. ती परतली की सिस्टर चांदणी टांगायच्या आणि शेजारच्या सुकरीच्या हातून बाळ गादीवर ठेवायच्या. वाडीत कोणी ख्रिस्ती नव्हतं आणि सिस्टरांनी कुणाला 'ख्रिस्ती हो' असं म्हटलंही नाही. "घरातली माणसं बाहेर असताना बारसं करतात का गो?" एवढंच त्यांचं म्हणणं.

एकदा शाळेच्या पटावरून वाडीतल्या पोरांची नावं कमी झाली. सिस्टर दोन दिवस शाळेच्या पायरीवर बसून राहिल्या. "गैरहजर आहेत, मेलेली नाहीत," असं हेडमास्तरांना ऐकवून, नावं परत चढल्यावरच उठल्या.

आम्ही वाशिंदची पाच-सहा ख्रिस्ती कुटुंबं, कारखान्यातली नोकरदार माणसं. ज्येष्ठात घामाघूम होऊन नाताळची गाणी म्हणणं आमच्या जिवावर यायचं. मी तर तोंडावर म्हणाले होते, "सिस्टर, तुमचं सगळंच जगावेगळं." त्या हसल्या. "मग ये की एकदा माझ्याबरोबर भट्टीवर." दर डिसेंबरात, नाताळच्या दुपारी त्या करंज्यांचा डबा घेऊन एकट्याच निघायच्या. माझ्याकडे नेमके तेव्हा पाहुणे असायचे.

यंदा दिवाळीनंतर, वाडी भट्ट्यांवर गेल्यावर, तापाचं निमित्त झालं आणि सिस्टर गेल्या. इतक्या घाईने गेल्या म्हणून मला अजून त्यांचा राग येतो. यंदा तरी नाताळ वेळेवर करू, असं आमच्यात ठरलं. नाताळच्या सकाळी मी त्यांची पेटी उघडली. दोन साड्या, चष्मा, गाण्यांची वही. बाळ नव्हतंच. सगळी खोली पालथी घातली, आणि मग ध्यानात आलं, इतकी वर्षं त्या थट्टा करत नव्हत्या.

वाडीत मागे राहिलेल्या एका म्हातारीने सुकरीच्या भट्टीचा पत्ता सांगितला. मुरबाड रस्त्याकडेला, विटांच्या थप्प्यांआड सुकरीचं झोपडं होतं. आत टोपलीत, जुन्या लुगड्याच्या घडीवर बाळ येशू निजला होता. सुकरी हात पुसत आली आणि माझ्या मागे बघू लागली.

"बाय कुठं हाय? सकाळपासून वाट बघतो आमी. पोरं पन जेवली नाय."

वसईला त्यांच्या भावाला, मठात, सगळीकडे आम्ही फोन केले होते. इथे कळवायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

मी सांगितलं, तशी सुकरी खालीच बसली. टोपलीतली लुगड्याची घडी सारखी करत म्हणाली, "मी बोलले तिला, मूर्ती फुटंल गो, तुझ्याकडंच ठेव. तर बोलली, असू दे. मी नाय आले तरी ती न्यायला कोन तरी येईलच तुमच्याकडं."

मी मूर्ती न्यायलाच आले होते. ते मला सांगवेना. सुकरीच्या लेकीने पुढ्यात ताट ठेवलं. मी पोरांच्या पंगतीला बसले आणि पोटभर जेवले.

येताना पिशवी रिकामीच आणली. देखाव्याजवळ कोणी विचारलं, तर काय सांगायचं ते मला आता ठाऊक होतं.