अक्षतांसाठी उचललेला हात

काल लग्नात पहिलं मंगलाष्टक संपलं आणि अक्षता टाकायला सगळ्यांचे हात वर गेले. माझ्या पुढेच माझी भाची शुभा उभी होती. शेजारी तिच्या नवऱ्यानं हात उचलला मात्र, तिनं झटकन मान खाली घातली आणि कोपर चेहऱ्यापुढे आडवं धरलं.

"अगं, अक्षता आहेत!" तिची जाऊ हसली.

"लहानपणापासून घाबरटच आहे ती," नवरा म्हणाला.

मी आयुष्यभर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. माणूस असा का वागतो, याची उत्तरं मला तोंडपाठ आहेत. कुणी बालपण उकरतं, कुणी सवयीवर बोट ठेवतं, कुणी मेंदूतल्या रसायनांवर, कुणी मनातल्या विचारांवर. सगळी उत्तरं हुशार, आणि सगळी त्या कोपराभोवतीच घुटमळणारी. उचललेल्या हाताबद्दल कुणी विचारायचं?

आणि तिचं बालपण तर मी पाहिलंय. हीच शुभा आजोळच्या विहिरीत काठावरून सूर मारायची, घाबरायचो आम्ही.

पुढच्या मंगलाष्टकाला तिनं कोपर उचललं नाही, नुसते डोळे मिटून घेतले. इतक्यात शिकलीसुद्धा.

वाजंत्री थांबली तरी तिची मूठ आवळलेलीच होती. तिनं ती उघडली, तेव्हा न टाकलेल्या अक्षता घामानं भिजून हाताला चिकटल्या होत्या आणि सगळा तळवा कुंकवानं लाल झाला होता.

"हात धुऊन ये," नवरा हळूच म्हणाला. "लोक बघतायत."