दहा वीसची बस

शाखेत बाईंना कुणी नावाने हाक मारत नसे. 'टायपिंगवाल्या बाई' एवढीच ओळख, आणि ती बावीस वर्षं जुनी. पक्षाच्या शाखेची खोली वर, खाली त्यांचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान. एका निवडणुकीला अध्यक्ष जिना उतरून आले आणि म्हणाले, "बाई, एवढा जाहीरनामा टाइप करून द्या, घरचंच काम आहे." घरचं म्हटलेलं काम कायमचं गळ्यात पडतं, तसं ते पडलं. बाई राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झालेल्या. हौसेने सदस्यत्वाचा अर्जही भरला, यादीत नाव लागलं. पुढे दर बैठकीला कोपऱ्यातलं टेबल, समोर मशीन, मग कॉम्प्युटर, आणि मान खाली.

दर वेळचा जाहीरनामा म्हणजे मागचाच, वर्ष बदलून. एकदा दुसऱ्या कुठल्याशा शाखेची प्रत समोर ठेवून मजकूर उतरवला गेला आणि त्यात 'नदीकाठाचे सुशोभीकरण' आलं. बाई म्हणाल्या, "साहेब, आपल्याकडे नदी नाही."

"असू द्या हो," अध्यक्ष म्हणाले. "वाचायला बरं वाटतं."

सगळे हसले. बाईही हसल्या. आता ते हसू आठवलं की त्यांना स्वतःचाच राग येई.

या वर्षी पक्षाच्या जिल्हा कार्यालयातून पत्र आलं: जाहीरनामा लोकांतून घडवा, घरोघरी जा, विचारा. शाखेतलं कुणी कुठे गेलं नाही. बाई गेल्या. त्याला कारण होतं.

त्यांची मुलगी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला, दुसऱ्या पाळीत. पाळी सुटते दहाला, वसाहतीकडे येणारी शेवटची बस नऊ चाळीसला. म्हणजे रोज चाळीस मिनिटं पायी, गोदामांच्या भिंतीकडेने, जिथे एका दिव्याआड दुसरा बंद. मागच्या महिन्यात एक मोटरसायकल तिच्या बाजूने बराच वेळ हळूहळू चालत राहिली. "काही झालं नाही गं आई," ती म्हणाली होती, पण चप्पल काढायच्या आधी तिने दाराला कडी घातली होती. तेव्हापासून सव्वादहा वाजले की बाई दारात येऊन उभ्या राहत.

दोन आठवडे त्या दुपारी दुकान बंद करून कारखान्याच्या फाटकावर उभ्या राहिल्या. कामावर शिरणाऱ्या बायकांना थांबवून विचारलं: कुठे राहता, कशा परतता, किती वाजतात? शहाऐंशी जणींची नावं वहीत उतरली. एक म्हणाली, "काकू, लिहून घ्या, पण आमचं वाचणार कोण?" बाई म्हणाल्या, "मी टाइप करणार आहे ना." आणि कलम तयार केलं: दुसरी पाळी सुटल्यावर, रात्री दहा वीसला, कारखान्याच्या फाटकापासून वसाहतीपर्यंत बस. वहीची झेरॉक्स आणि कलम अध्यक्षांच्या हाती दिलं. ते म्हणाले, "वा वा, याला म्हणतात काम!"

शनिवारी पक्का मसुदा टायपिंगला आला. सोळावं कलम: 'महिलांच्या सर्वांगीण सुरक्षिततेसाठी सर्वतोपरी प्रयत्न केले जातील.' बस नाही, वेळ नाही. हे वाक्य बाईंनी मागच्या चार निवडणुकांना याच बोटांनी टाइप केलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्यांनी ते टाइप केलं, कारण बोटांना सवय होती. मग रात्रभर कूस बदलत राहिल्या.

रविवारी तीनला बैठक, सगळे जमेपर्यंत साडेतीन. पाचच्या आत मंजूर जाहीरनामा जिल्हा कार्यालयात पोचायला हवा होता, आणि मंजुरीला निदान अकरा सदस्य हजर लागत. अध्यक्षांनी बोट फिरवत हजेरी घेतली, कोपऱ्यातल्या टेबलाशी येऊन थांबले, "अकरा. झालं. चला." मग वाचन सुरू. शाखेची रीत अशी की कलम वाचायचं, "हरकत?" म्हणायचं आणि कुणी श्वास घेण्याआधी "मंजूर" म्हणायचं. पंधरा कलमं अशी पाच मिनिटांत उडाली.

"सोळा. महिलांच्या सर्वांगीण... हरकत? मं..."

"हरकत आहे," बाई म्हणाल्या.

सगळ्या माना वळल्या. अध्यक्षांना वाटलं कॉम्प्युटर बिघडला. "काय झालं, लाइट गेली का?"

"लाइट आहे. बस गेली. माझं कलम कुठंय?"

अध्यक्षांनी शाखेतल्या वकिलांकडे पाहिलं. मसुद्याची भाषा त्यांनीच घोटलेली. वकील चष्मा पुसत म्हणाले, "ताई, त्यातच आहे ते. सुरक्षितता म्हटलं की बस आली, दिवे आले, सगळं आलं."

"मग बस असं लिहा ना. शब्द लहान आहे."

"अहो, वेळ लिहून दिली की लोक पकडतात," अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले. "प्रयत्न म्हटलं की कुणी पकडत नाही. राजकारण आहे हे."

"पकडावं म्हणूनच वेळ लिहिली मी! शहाऐंशी बायकांना विचारून लिहिली. तुम्ही किती जणांना विचारलंत? पक्षाचं पत्र मीच वाचून दाखवलं होतं तुम्हाला."

"बाई, खाली बसा. सदस्यांची चर्चा चालू आहे, तुम्ही टायपिंगला आहात."

खोलीत कुणीतरी हसलं. बाईंचा आवाज चढला नाही. उलट असा खाली गेला की मागच्यांना कान द्यावे लागले.

"टायपिंगला आहे? ठीक. मग मघाशी मला का मोजलंत? बावीस वर्षं मोजताय. मोजा आता, मला सोडून."

त्यांनी पर्स खांद्याला अडकवली आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. अध्यक्षांचं बोट फिरलं, एकदा, मग परत एकदा. दहा. घड्याळात चारला दहा कमी. वकिलांनी न आलेल्या दोन सदस्यांना फोन लावले. एक गावाला, एक दवाखान्यात.

"ताई, असं घरातल्या माणसासारखं भांडू नका," ते म्हणाले.

"घरातलंच काम आहे ना हे?"

शेवटी अध्यक्षांनी कागद पुढे ओढला. "सांगा काय ते."

"तुमच्या हाताने लिहा. मी सांगते."

त्यांनी लिहिलं, दहा वीस, फाटक, वसाहत, खाली सही. मगच बाई टेबलाशी बसल्या आणि ते टाइप केलं. सतरापासून पुढे त्या प्रत्येक "हरकत?"नंतर एकदा मान वर करत होत्या आणि अध्यक्षांना थांबावं लागत होतं.

सोमवारी एकला मुलगी डबा भरत होती. बाईंनी छापलेला कागद तिच्यापुढे धरला. तिने सोळावं कलम वाचलं, आईचा गालगुच्चा घेतला. "शाब्बास गं! मग बस कधीपासून?"

"निवडून आले तर... पुढच्या वर्षी."

"आणि आज?"

बाईंनी कागद खाली घेतला. मुलगी काही वेडंवाकडं बोलली नव्हती. पायांत बूट घालून, पिशवीत टॉर्च टाकून ती निघून गेली. बाई कागदाकडे बघत उभ्या होत्या. काल जिंकल्यासारखं वाटलं होतं, त्याचाच आता संताप संताप झाला. पुढच्या वर्षापर्यंत किती वेळा सव्वादहा वाजणार? त्यांनी बस डेपोचा नंबर शोधला आणि फिरवला. बराच वेळ वाजून फोन बंद झाला. परत फिरवला. चौथ्या खेपेला कुणीतरी वैतागून "काय आहे?" म्हणालं.

"लिहून घ्या," बाई म्हणाल्या, आणि शहाऐंशी नावांची वही उघडून पहिल्या नावापासून वाचायला लागल्या.