काटा अर्ध्यावर

भाचीच्या लग्नात नवरीला वेळेवर हॉलवर पोहोचवण्यात एकच अडचण होती. ती म्हणजे मी.

नव्वदीच्या दशकात बॅटरीवर चालणारी एक चिमुकली मोटार मी घेतली होती. आमच्या बेव्हर्ली पार्क कॉलनीत ती बघायला लोक येत (तशी घ्यावी असं मात्र कोणालाच वाटलं नाही). ना गिअर, ना क्लच. "शेंबडं पोरही चालवेल," असं म्हणत वैशालीला, म्हणजे भाचीला, मीच ती शिकवली होती.

मुलीला बोहल्यावर मामाने आणायचं असतं. मी ठरवलं, थेट घरापासूनच आणायचं. हॉल भाईंदर पश्चिमेला. आदल्या दिवशी एकटा जाऊन-येऊन पाहिलं. काटा अर्ध्यावर. मी बँकेतला माणूस. अर्धी संपली, अर्धी उरली, उद्याचं जाणं-येणं त्यात बसतं. चार्जिंग कशाला?

बॅटरीचा उरलेला अर्धा आधीच्या अर्ध्याएवढा नसतो, हे मला भाईंदरचं रेल्वे फाटक ओलांडल्यावर कळलं. गाडीत शालू नेसलेली वैशाली, माझी बायको, तिच्या मांडीवर लाडवांचा डबा, आणि मी. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून, वर वळून बघून गेला. मग गाडी थांबलीच.

"रिक्षा करू," बायको म्हणाली.

"नवरी रिक्षाने? व्याह्यांना मी काय सांगून ठेवलंय?"

"का सांगता पण?"

"जरा दम खाऊ दे तिला. वजन कमी केलं की जाईल."

बायको डब्यासकट उतरली. गाडी ढिम्म.

वैशालीने मुंडावळ्या बाजूला सारल्या. "मामा, अजून वजन आहे."

"कुठे?"

"तू."

मी उतरलो. ती स्टिअरिंगशी बसली. बायको डबा घेऊन परत आत शिरली, आणि तरीही गाडी निघाली!

मी फेटा धरून मागे धावलो. शेजारी एक रिक्षा आली.

"अंकल, गाडी चोरी हो गई क्या?"

"नहीं रे, दुल्हन ले गई."

"बैठो, पकडते हैं."

हॉलमध्ये अंतरपाट धरलेला. गुरुजी माइकवरून सांगत होते, "मुलीच्या मामांना बोलवा, मुहूर्त टळतोय." माझी बहीण दारातच उभी होती. ती काय बोलली ते इथे लिहिता येणार नाही.

मुहूर्त सापडला. मामाने मुलीला बोहल्यावर आणलं, असं अल्बममध्ये दिसतंही. त्याआधी मामाला व्याह्यांनी दंडाला धरून आणलं, तो फोटो मी त्यातून काढून ठेवलाय.